पुस्तकातली माणसं दिवस कशी काढतात?

धंतोलीची खिडकी · ३ मे, रात्री ११.२०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आई नाही, भाऊ परदेशात. मी हैदराबादची नोकरी सोडून नागपूरला आले ती सहा महिन्यांसाठी म्हणून.

बाबांचं करण्याचा मला कंटाळा नाही. त्यांची दाढी करणं, पेज भरवणं, कूस बदलणं, हे सगळं आता हातात बसलंय. त्रास वेगळाच आहे. येणारा प्रत्येक जण "पोरगी असावी तर अशी" म्हणतो, चहा पितो आणि जातो. ते ऐकलं की घशात काहीतरी अडकतं. शिवी दिली तर उलट बोलता येतं, कौतुकाला काय उत्तर देणार?

दुपारी ते झोपले की वाचते. परवा एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' पुन्हा काढलं. कॉलेजात वाचलं तेव्हा दारातला गंजका ट्रॅक्टर लक्षात राहिला होता, रात्री घराण्याचे दागिने अंगावर घालून बघणारी वहिनी लक्षात राहिली होती. या वेळी प्रभा पाठ सोडेना. हुशार मुलगी, शिकायचं होतं, घराण्याच्या अब्रूपायी शिकू दिलं नाही, आणि ती वाड्यातच राहिली. तिचं बोलणं कडू आहे. पूर्वी मला ती किरकिरी वाटायची. आता वाटतं, ते कडू बोलणं हाच तिचा श्वास असेल.

तर प्रश्न असा. तुम्ही वाचलेल्या गोष्टींतली माणसं हाल, एकटेपण, लोकांच्या अपेक्षा यांतून दिवस काढतात ते नेमकं काय करून? "धीरानं" असं उत्तर नको. धीरानं म्हणजे सकाळी उठून काय करतात, ते सांगा.

वर्धेकाठ · ३ मे, रात्री ११.४१

'धग'मधली कौतिक. सविस्तर उद्या लिहितो, लाइट गेली आहे आणि मोबाइल १० टक्क्यांवर आहे.

महालचा पोट्टा · ३ मे, रात्री ११.४४

इकडे बी गेली बाप्पा. सारा मोहल्ला गच्चीवर आहे. ताई, तुमचा प्रश्न मी खाली बसलेल्या माझ्या आजीला वाचून दाखवला. ती म्हणते, "सकाळी उठून आधी अंगण झाडतेत न, आनखी का करतेत."

जुनी पाटी · ४ मे, सकाळी ६.५०

आजींचं उत्तर पहिल्या नंबराचं. त्याच रस्त्यावरचं माझं उत्तर: 'बनगरवाडी'तला मास्तर.

माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण पोरगा औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर शिक्षक म्हणून जातो. शाळा आहे, पण शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागे. ओळखीचं माणूस नाही. तो करतो काय, तर घरोघरचे उंबरे झिजवतो. कारभाऱ्यापाशी बसतो, लोकांची बारीकसारीक कामं अंगावर घेतो. पुढे वाडीसाठी तालीम बांधायचं काढतो. एकटेपणावर विचार करत बसलेला तो फारसा दिसतच नाही.

हे मला इतकं का भिडलं ते सांगतो. माझी पहिली नेमणूक एटापल्ली तालुक्यातल्या एका गावात झाली. मी नागपुरात वाढलेला, पोरं माडिया बोलणारी. पहिले तीन आठवडे वर्गात फक्त माझाच आवाज. संध्याकाळी सहानंतर असा काळोख की मी खोलीत मोठ्यानं पाढे म्हणायचो. नुसता माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून. एकोणतीसचा पाढा मला आजही झोपेत येतो.

एक दिवस चौथीतली पोरगी टोपलीत मोहाची फुलं घेऊन आली आणि एक फूल माझ्या टेबलावर ठेवून उभी राहिली. मी फळ्यावर 'मोह' लिहिलं. तिनं मान हलवली, तिच्या भाषेतला शब्द सांगितला. मी तो पण देवनागरीत लिहिला. पोरं खदखदा हसली, कारण मी तो चुकीचा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी एकानं बांबूची कामटी आणली, एकानं खेकडा. दिवाळीपर्यंत एका पाटीवर दोन रकाने भरले. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे माझे. ती पाटी अजून माझ्याकडे आहे.

कूलरची जाळी · ४ मे, सकाळी ८.१५

हे वाचून डोळे भरून आले, सर. इथलं तुमचं नाव 'जुनी पाटी' का, ते आज कळलं.

वर्धेकाठ · ४ मे, दुपारी १.३०

आता नीट लिहितो.

उद्धव शेळक्यांची 'धग' १९६०ची. आपल्या वऱ्हाडातली गोष्ट आणि संवाद वऱ्हाडी बोलीतले. कौतिकचा नवरा महादेव शिंपी, पण कामात मन नाही. घर ती ओढते. मजुरीला जाते, पोरांच्या तोंडात घास पडेल एवढं कमावते. मुलानं, नामानं, शिकावं, ही तिची आस. पुढे महादेवला महारोग होतो आणि होतं नव्हतं ते सगळं त्यात जातं. शेवटी कौतिक मरते. लेखकानं तिला कुठेही सोडवलेलं नाही. वाचणाऱ्यालाही नाही.

ती करते काय? ती वाट बघत नाही. नवरा सुधरेल, दीर मदत करेल, देव बघेल, यातल्या कशाचीही वाट न बघता ती पुढचं काम हातात घेते. मला तिच्यात माझी आजी दिसते. आजी कापूस वेचायला जायची. फुटलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला घुसतात, हिवाळ्यात ती बोटं चिरलेली असायची. मजुरी वजनावर. मालकाचा काटा खोटा, हे साऱ्या गावाला ठाऊक, बोलणार कोण? आजीनं किराणा दुकानात जाऊन एक दगड बरोब्बर पाच किलोचा तोलून आणला. मालकाकडं जायच्या आधी ती घरी बांबूच्या दांडीला एका बाजूनं दगड आणि दुसऱ्या बाजूनं आपलं गाठोडं लटकवायची. भांडायची नाही. काट्यापाशी उभी राहून फक्त म्हणायची, "मालक, पुन्हा एकडाव ठेवा बरं." तो दगड आजोळी तुळशीपाशी आहे.

अक्षरओळख · ४ मे, दुपारी ३.०५

वर्धेकाठ, दगडाची गोष्ट फार मोलाची आहे. पण कौतिकबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मला मनापासून मांडायचंय.

सोसणाऱ्या बाईला आपण देव्हाऱ्यात बसवतो आणि मग तिच्या अंगावर आणखी ओझं टाकायला मोकळे होतो. 'धग' वाचून "काय बाई आहे!" म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना महादेवचा राग येतो? खिडकीला जे "पोरगी असावी तर अशी" म्हणतात, ते तेच करताहेत. कौतिक मरते हे विसरू नका. शेळक्यांनी तिला मारलं, कारण असं राबणारं माणूस मरतं. तिचं राबणं ही दिवस काढायची रीत म्हणून शिफारस करण्यासारखी नाही.

मला त्यापेक्षा लीला बेणारे जवळची. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये खेळ म्हणून खटला सुरू होतो आणि बघता बघता सगळे मिळून तिच्या आयुष्यावर तुटून पडतात. ती शिक्षिका आहे, हसरी आहे, गाणी गुणगुणते. ते गुणगुणणं हीच तिची ढाल. शेवटी ती एकदाची बोलते, सगळं बोलते. पण तेंडुलकरांनी काय केलं बघा: ती बोलत असताना रंगमंचावरचे बाकी सगळे थिजलेले असतात. तिचं बोलणं प्रेक्षक ऐकतात, तिची माणसं ऐकतच नाहीत.

वर्धेकाठ · ४ मे, दुपारी ३.४०

मान्य आहे की मी महादेवला एका वाक्यात मोकळं सोडलं. पण ताई, माझ्या आजीपाशी दुसरा रस्ता कोणता होता? तिला देवी करत नाही. तिनं दगड तोलून आणला, एवढंच सांगतो. तो दगड म्हणजे सोसणं नाही.

अक्षरओळख · ४ मे, दुपारी ३.५२

नाही, ते सोसणं नाहीच. तो दगड मी मघाशी नीट पाहिला नाही. चूक माझी.

पिंपळपान · ४ मे, सायंकाळी ६.२०

बोलण्यावरून आठवली ती यमू. 'पण लक्षात कोण घेतो'. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकात ती क्रमशः आली. यमू स्वतः आपली हकिकत सांगते. नवरा तिला शिकू देतो, मुंबईतले दिवस आनंदात जातात, मग तो जातो आणि सासरी तिचं जबरदस्तीनं केशवपन होतं. ते प्रकरण मी एकाच बैठकीत वाचू शकले नाही. पुस्तक पालथं घालून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

यमू काय करते, तर लिहून ठेवते. तिला ते लिहिणं वाचवत नाही. पण एका पुरुष लेखकाला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी वाटलं की हे तिच्या तोंडूनच यायला हवं, लांबून दया दाखवून नाही. खिडकी, तुम्ही हा धागा काढलात तेव्हा तुम्हीही तेच केलंत.

महालचा पोट्टा · ४ मे, रात्री ९.१०

एक शंका. 'धग'ची बोली वऱ्हाडी, मग आपण नागपूरवाले बोलतो ते का? आजीला विचारलं तर ती म्हणे "आपन सुद्द मराठी बोलतो."

वर्धेकाठ · ४ मे, रात्री ९.३०

सख्ख्या बहिणी आहेत दोघी. नागपुरीत हिंदी जास्त मिसळली. "मी येऊन राहिलो" हे "आ रहा हूँ"च्या चालीवर. भंडारा-गोंदियाकडे आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बऱ्याच भागात झाडीबोली, तिची चाल आणखी वेगळी. आजींना सांगा, त्याच बरोबर आहेत.

दूर देशी · ५ मे, सकाळी ७.००

मराठीबाहेरचं चालेल का? रॉबिन्सन क्रूसो. डॅनियल डीफोची कादंबरी, १७१९ची. खिडकीच्या "सकाळी उठून काय" या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दुसरं नसेल. तो खांबावर रोज एक खाच पाडतो, म्हणजे दिवसांचा हिशोब सुटत नाही. आणि एका कागदावर दोन रकाने करतो, आपलं वाईट काय झालं आणि त्यातलं बरं काय. २८ वर्षं काढतो बेटावर. दुबईत पहिल्या वर्षी कंपनीच्या खोलीत मी कॅलेंडरवर तशाच खुणा केल्या होत्या. दिवस मोजले की ते पुढे सरकतात, न मोजता ते एकाच जागी साचतात.

इंदोरा चौक · ५ मे, सकाळी ९.४५

दूर देशी, खाचांची गोष्ट मलाही आवडते. पण क्रूसोचं जहाज फुटलं तेव्हा तो गुलाम आणायला आफ्रिकेकडे निघाला होता, तेही वाचणाऱ्यानं लक्षात ठेवावं. त्याचं एकटेपण समुद्रानं दिलं. काहींचं एकटेपण शेजारी देतात.

मी बाबूराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेबद्दल लिहितो. त्याच नावाचा संग्रह १९६३चा. माझी प्रत दीक्षाभूमीवरची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथं पुस्तकांचे स्टॉल लागतात, बाबा दरवर्षी एक पुस्तक घेऊन द्यायचे. मी तेव्हा दहावीत होतो, कथा वाचली आणि कपाटात ठेवून दिली.

कथेतला नायक नोकरीसाठी परगावी जातो आणि जात सांगत नाही. लोक त्याला मान देतात, घरी बोलावतात. आणि तिथेच काशीनाथ सकपाळ आहे, जो काहीही लपवत नाही आणि कुणाचंही ऐकून घेत नाही. एकाच कथेत दोन रीती. एक लपवून जगतो, एक छाती काढून. शेवटी जात उघड होते, नायकाला मार बसतो, तेव्हा धावून येतो तो काशीनाथच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दुसऱ्या एका शहरात खोली शोधत होतो. "आडनाव काय?" हा पहिला प्रश्न. तिसऱ्या घरी मी दुसरंच आडनाव सांगितलं. आठ महिने राहिलो तिथं. मालकीणबाई प्रेमळ होत्या, संकष्टीला मोदक द्यायच्या. बाबासाहेबांचा फोटो बॅगेत शर्टांच्या खाली होता. १४ एप्रिलला मी दाराची कडी लावली, फोटो टेबलावर ठेवला, मेणबत्ती लावली आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून वंदना ओठांतल्या ओठांत म्हटली. ज्या माणसानं आपल्याला मोठ्यानं बोलायला शिकवलं, त्याच्यापुढं मी कुजबुजत होतो. त्या रात्री कपाटातली ती कथा आठवली.

पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, "उद्या सामान घेऊन माझ्याकडे ये." तो माझा काशीनाथ. मालकीणबाईंना खरं सांगून निघालो. त्या काही बोलल्या नाहीत, डिपॉझिटचे पैसे मोजून दिले आणि दार लावून घेतलं.

प्रश्नाचं उत्तर: बागुलांचा नायक दिवस काढतो तो सतत पहारा देऊन, स्वतःच्याच जिभेवर. त्यानं माणूस आतून झिजतं. मी केलंय, म्हणून सांगतो.

जुनी पाटी · ५ मे, सकाळी १०.२०

मित्रा, हे लिहिलंस त्याबद्दल आभार. कुजबुजत म्हटलेल्या वंदनेवरून मन हलत नाहीये.

कूलरची जाळी · ५ मे, सकाळी १०.३१

माझ्या घराचा वरचा मजला भाड्यानं द्यायचा आहे. कालच एकाला फोनवर मी पहिल्यांदा आडनाव विचारलं. सवयीनं. आज त्यांना पुन्हा फोन करून घर बघायला या म्हणून सांगते.

निवृत्त पोस्टमास्तर · ५ मे, दुपारी १२.१५

मी ७१ वर्षांचा. पत्नीला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बाहेरगावी, मी इथं एकटा. तेव्हा मला गणपतराव बेलवलकरांबद्दल बोलायचा अधिकार आहे असं धरून चालतो.

'नटसम्राट' डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलं. तिशीत पाहिलं तेव्हा मुलांचा राग आला, सगळ्या नाट्यगृहाला आला. आता वाचतो तेव्हा वेगळं दिसतं. मुलं चुकलीच, पण गणपतरावांनी सगळं वाटून टाकलं त्या दिवशी त्यांनी आपलं काम पण वाटून टाकलं. रंगभूमी आधीच सुटलेली. मग घरातला प्रत्येक प्रसंग ते नाटकासारखा वठवत राहतात, आणि घरच्यांना प्रेक्षक व्हायचं नसतं. त्यांना जगवतात ती पाठ असलेली भाषणं. सगळं गेल्यावरही शब्द तोंडात आहेत. आणि शेवटी बूटपॉलिश करणारा राजा आहे, ज्याला ती ऐकाविशी वाटतात. एक ऐकणारा माणूस, बस.

मी काय करतो? सकाळी साडेपाचला अंबाझरीला फिरायला जातो, परतताना तर्री पोहे खातो, डॉक्टर नको म्हणतात तरी. दुपारी पत्रं लिहितो. खरी, पोस्टाची. रोज एक. उत्तर दहातून दोघांचं येतं. पेटीत पत्र टाकताना होणारा आवाज मला आवडतो. ३६ वर्षं मी तो आतल्या बाजूनं ऐकला, आता बाहेरून ऐकतो.

महालचा पोट्टा · ५ मे, दुपारी १२.४०

काका, मला पाठवा न पत्र. मी नक्की उत्तर देईन. आयुष्यात मला बँकेशिवाय कुणाचंच पत्र आलं नाही.

निवृत्त पोस्टमास्तर · ५ मे, दुपारी १२.५५

व्यक्तिगत निरोपात पत्ता कळव. अक्षर मोठं काढ, चष्मा जुना आहे.

मनमोकळं · ५ मे, रात्री १०.००

मी नागपुरातच मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, रोज आजाऱ्यांचं करणाऱ्या माणसांना भेटते. सगळा धागा वाचला, प्रत्येक गोष्टीत एक दुसरं माणूस आहे. मोहाचं फूल आणणारी पोरगी, काशीनाथ, राजा. प्रभाला तसं कुणी सापडत नाही, म्हणून ती कडू आहे.

खिडकी, तुला तीन गोष्टी विचारते. आठवड्यात किती तास तू बाबांपासून लांब असतेस? तुझी झोप सलग किती होते? आणि स्पष्ट मदत मागितलीस असं शेवटचं माणूस कोण? इथे नाही लिहिलंस तरी चालेल. आणखी एक, हे सगळ्यांसाठी: १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, कोणत्याही वेळी, मराठीतही बोलता येतं. फार बिघडेपर्यंत थांबायची गरज नाही.

धंतोलीची खिडकी · ६ मे, पहाटे २.१०

इथेच लिहिते. लांब: किराणा आणि औषधांचे मिळून दोन तास. झोप: सलग तीन तास, मग बाबांची कूस बदलायची असते. शेवटची मदत: आठवत नाही. विचार करून करून आठवत नाही, म्हणून जागी आहे.

सोयाबीनचा भाव · ६ मे, सकाळी ६.३०

खिडकीताई, काळजी घ्या. मी फारसं वाचत नाही, पण सदानंद देशमुखांची 'बारोमास' वाचली आहे. २००२ची, तिला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ शिकलेला आहे, नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतात आहे. बायकोला शेतकरी नवरा नको होता. घरात रोज भांडण. आमच्या घरातलं कुणी लिहून काढलं की काय असं वाटलं. चुलतभावाला दिली वाचायला. त्यानं चार दिवसांत परत आणून दिली आणि दारातच रडला. आम्ही दोघं तोपर्यंत दहा वर्षं फक्त पाऊस आणि भाव यावरच बोलत होतो.

पिंपळपान · ६ मे, सकाळी ७.१२

पुस्तक हातात देऊन बोलता आलं, एरवी आलं नसतं. हे फार खरं आहे.

अक्षरओळख · ६ मे, सकाळी ९.००

खिडकी, रात्रीच्या तुझ्या चार ओळी वाचून मी पहाटेपासून अस्वस्थ आहे. परवा भांडत बसले, पण तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलंच नाही. आज देते: जो कोणी पुढच्या वेळी "पोरगी असावी तर अशी" म्हणेल त्याला वार आणि वेळ विचार. "अशी पोरगी रविवारी चार ते सात बाहेर जाणार आहे, तुम्ही बसाल का?" कौतुक करणाऱ्याला काम सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे.

कूलरची जाळी · ६ मे, सकाळी ९.२०

अक्षरओळखला माझा कडकडून पाठिंबा. आणि भाडेकरूंना घर आवडलं, एक तारखेपासून येताहेत.

धंतोलीची खिडकी · १८ मे, रात्री १०.४५

दहा-बारा दिवस गायब होते. सांगण्यासारखं आहे, म्हणून आले.

आत्या आली होती. चहा घेतला, तेच वाक्य म्हणाली. मी अक्षरओळखचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. माझा आवाज थरथरत होता. आत्यानं कप खाली ठेवला. रविवारी तिचं भजनी मंडळ असतं म्हणाली आणि गेली. मला वाटलं, संपलं. बुधवारी तिचा फोन: "शनिवार चालेल का गं?" परवा शनिवारी ती चारला आली. मी बर्डीवर गेले. वाचनालयात जायचं ठरवून निघाले होते, गेलेच नाही. नुसती फिरले, उसाचा रस प्यायले, एका दुकानात तीन ओढण्या उलगडून बघितल्या आणि एकही घेतली नाही. सातला परत आले तर आत्या बाबांना तिच्या मंडळातलं भजन म्हणून दाखवत होती.

दुसरं. जुनी पाटी सरांचे पाढे डोक्यात होते, म्हणून मी दुपारी मोठ्यानं वाचायला लागले. बाबांच्या कॉटपाशी बसून, 'वाडा चिरेबंदी' पहिल्या पानापासून. त्यातली दादी आठवते ना? म्हातारी, आपला मुलगा गेला हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही, ती आतून हाक मारत राहते, "व्यंकटेश, किती वाजले?" मी ते वाचलं आणि बाबांचा डावा हात चादरीवरून वर आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे. मला वाटलं, पाणी हवं असेल. पुढे पुन्हा दादीनं विचारलं, पुन्हा हात वर. तिसऱ्या वेळी मी दादीच्या ओळीपर्यंत पोचायच्या आधीच ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी ओळ वाचली, हात वर गेला, आणि त्यांच्या डाव्या ओठाची कड हलली. दीड वर्षात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच गोष्टीवर हसलो. चारला वीस कमी होती.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या वाचत राहा. प्रभाचे संवाद मात्र मला मोठ्यानं वाचता आले नाहीत, तिथे आवाज बसला. तिला कुणी शनिवार दिलाच नाही.

नाटक काल संपलं. आता काय वाचू?

मनमोकळं · १८ मे, रात्री ११.०५

शनिवार सोडायचा नाही. आत्या आजारी पडल्या तर आणखी कुणाला तरी विचारायचं. आणि ओढणी घे पुढच्या वेळी.

निवृत्त पोस्टमास्तर · १९ मे, सकाळी ८.००

मी तुमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहतो, हे निरोपांतून कळलंच आहे. आत्या नसतील त्या शनिवारी मला सांगा. मी पत्रं तुमच्याकडे बसून लिहीन.

वर्धेकाठ · १९ मे, सकाळी ८.२५

'धग' वाच. माझी प्रत पोस्टमास्तर काकांकडे पोचवतो. मोठ्यानं वाचायची असेल तर वऱ्हाडी हेल जमला पाहिजे बरं, पुस्तकी उच्चार केलेस तर कौतिक ओळखू यायची नाही.

धंतोलीची खिडकी · १९ मे, सकाळी ९.१०

पाठवा. हेल मला जमणार नाही, पण बाबा आर्वीचे आहेत. मी चुकले की हात वर करतील.